ताईच्या शेवंतीचा पांढरा

माझ्या घरात फोटो छापायचा प्रिंटर आला तो ताईमुळे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती अकोल्याला असते. शहर जिथे विरळ होत जातं तिथून पुढे तिच्या सासरचं फुलांचं वावर आहे, घराला आणि विहिरीला लागून काळ्या मातीचा एक लांबट तुकडा. त्यात शेवंती, झेंडू, कडेला थोडी अस्टर. भाऊजी गेल्यापासून वावर तिचा मुलगा बघतो. फुलं निवडणं आणि हार ओवणं हे ताईचं आणि तिच्या सुनेचं काम. मी अमरावतीला राहते. शाळेत भूगोल शिकवत होते, आता घरी असते. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला आणि त्याची वरची खोली रिकामी झाली, तेव्हा कधीतरी मला फोटो काढायचा नाद लागला.

दसऱ्याच्या सुमाराला मी अकोल्याला गेले होते. सकाळी ताईबरोबर वावरात गेले. पांढरी शेवंती नुकती उमलायला लागली होती. पानांवर दव होतं, आणि ऊन अजून फुलांच्या खालपर्यंत उतरलं नव्हतं. ताई आमसुली रंगाचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओळीत बसली होती. तिच्या मांडीवर टोपलीतली फुलं सांडली होती. ती काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक फुलांशीच. मी फोटो काढला. तो मला इतका आवडला की तिथेच मोबाईल पुढे करून मी तिला दाखवला.

तिनं डोळे बारीक केले आणि मान बाजूला घेतली.

"असं काचीतून पाहून काय करू मी? डोळ्याले टोचते थे. कागदावर आन, मंग पाहीन."

तिच्या बोलण्यात तसं काही नव्हतं. पण परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, खिडकीबाहेर तुरीचे हिरवे पट्टे पळत असताना मला वाटलं, हा फोटो मी स्वतःच छापीन. स्टुडिओत नाही, घरीच. का तसं वाटलं ते सांगता येत नाही. मला त्या सकाळचा उजेड दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता, इतकंच.

प्रिंटर आला, वरच्या खोलीत खिडकीशी बसला. पहिला फोटो बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले. पडद्यावर ताई कोवळ्या उन्हात बसली होती, कागदावर ती आभाळ भरून आल्यासारख्या अंधारात बसली होती. शेवंती हिरवट झाली होती. आमसुली लुगड्याचा चक्क राणी रंग झाला होता. माती नुसती काळी होती, तिच्यातला ओलावा कुठे गेला कळत नव्हतं.

पुढचा महिनाभर माझ्या दुपारी त्या खोलीत गेल्या. जेवण झालं की मी जिना चढायचे. उत्तरेच्या खिडकीतून एकसारखा, शांत उजेड यायचा. गल्लीत त्या वेळी कोणी नसायचं. लांबून एखाद्या भंगारवाल्याची हाक यायची आणि विरून जायची. मी एक एक चूक शोधत बसायचे. आधी कळलं की माझा पडदाच खोटं बोलतो, त्याचा उजेड पार वर चढवलेला होता. मी पडद्याशेजारी एक कोरा कागद धरला आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदासारखं दिसेपर्यंत उजेड उतरवत गेले. आधी सगळं मलूल वाटलं, मग डोळ्यांना सवय झाली, आणि कागदावरचा अंधार पुष्कळसा गेला. मग कळलं की प्रिंटरला मी कागद कोणता घातलाय तेच सांगितलेलं नव्हतं. तो साधा कागद समजून चकचकीत कागदावर भसाभसा शाई ओतत होता. आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. रंग सुधारायचं काम कॉम्प्युटरही करत होता आणि तेच काम प्रिंटरही पुन्हा करत होता. घरात दोघींनी न विचारता एकाच भाजीत मीठ घालावं तसं. मी प्रिंटरला गप्प केलं. कागद बनवणाऱ्यांनी त्या कागदासाठी म्हणून एक छोटी फाईल दिलेली असते, शाई त्यावर कशी बसते ते तिच्यात असतं, ती कॉम्प्युटरला जोडली. त्या दिवशी लुगडं आमसुली आलं.

शेवंती मात्र येईना. कधी निळसर, कधी गुलाबी, कधी धुरकट. तेव्हा एक गोष्ट समजली आणि त्या दुपारी मला दुसरं काही सुचलं नाही. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. पांढरं छापलं जात नाही. तो कागद तेवढा मोकळा सोडतो आणि पाकळ्यांच्या सावल्या तेवढ्या अगदी पातळ शाईनं काढतो. त्या सावलीत जरा निळं जास्त पडलं की अख्खं फूल निळं होतं. म्हणजे ताईची शेवंती आधीच कागदात होती, तिच्याभोवतीची सावली तेवढी मला नीट बसवायची होती. मी छोट्या पट्ट्या छापायला लागले, प्रत्येकीत जरासा फरक. त्या पलंगावर वाळत पसरून ठेवायचे. ओल्या शाईचा रंग वेगळा आणि वाळलेल्या शाईचा वेगळा, म्हणून लगेच बघायचं नाही असं स्वतःला बजावायचे, आणि लगेच बघायचे. कधी त्या पट्ट्यांशेजारीच डोळा लागायचा. जाग आली की खोलीभर ताईची वावरं पसरलेली असायची, एक निळी, एक गुलाबी, एक पहाटेची, आणि कळायचं नाही की मी अमरावतीला आहे की त्या ओळीत.

शेवटी एक फोटो असा आला की मी तो खिडकीशी नेला, उलटा केला, परत सुलटा केला आणि खाली ठेवला. तो बरोबर होता. एक आधीचा निळसर फोटोही मी ठेवून दिला. दोन्ही घेऊन बडनेऱ्याहून गाडी धरली. ताईनं फरक बघावा, माझ्या महिनाभराच्या खटपटीचं कौतुक करावं, अशी मनात हौस होती.

ताई अंगणात बाजेवर बसली होती. मी दोन्ही फोटो तिच्या हातात दिले.

"यातला कोणता बरा, सांग."

तिनं एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"एकच फोटो दोनदा काहून आनला वं?"

"एक कसा? हा निळा झालाय, हा बरोबर आलाय."

"मले तं दोनी सारखेच दिसते." ती हसली. "चांगले हायेत. माती चांगली आली."

तिची सून तुळशीला पाणी घालत होती. ती लांबूनच म्हणाली, "मावशी, थो डाव्या हातातला निळा मारून राहिला." एवढ्या लांबून तिला दिसलं होतं. ताईनं डाव्या हातातला फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि मांडीवर ठेवला.

संध्याकाळी सून मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे एका टोपलीत फिकट पिवळ्या शेवंतीची फुलं होती, मधोमध सुईनं टोचलेली, म्हणजे ओवून परत काढलेली. ती हळू आवाजात बोलायला लागली. ताई पांढऱ्या फुलांच्या हारात फिकी पिवळी फुलं ओवते, तिला ती वेगळी ओळखूच येत नाहीत. पांढरा हार ज्यांना लागतो त्यांना पांढराच लागतो. म्हणून ताईनं ओवलेला प्रत्येक हार ती मागे बसून उसवते, पिवळी काढते, पांढरी भरते, आणि मग तो बाजारात जातो.

"कधीपासून?"

"गेल्या साली शेवंती लागली तवापासून."

"ताईला माहीत आहे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "त्याइले कसं सांगू मावशी? जलमभर फुलंच पाह्यली त्याइनं. मी काल आलेली. तुमीबी नका सांगू."

मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, मला माझे डोळे दाखवायचेत, सोबत चल. डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, मग सहज म्हणून तिचे तपासले, आणि तिच्याच डोळ्यांशी बराच वेळ बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त पिकलेला. इतकं हळूहळू होतं हे, ते म्हणाले, की माणसाला आपलं कमी झालंय हेच कळत नाही. डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, मग तपकिरी. निळं आधी जातं.

बाहेर आल्यावर रिक्षात ताई म्हणाली, "मले वाटे, आजकाल सांज लवकर होते."

ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं झालं, डावा नंतर करायचा ठरला. पट्टी काढली त्या दिवशी मी तिथेच होते. ताई खुर्चीवर ताठ बसली होती. डॉक्टर गेल्यावर तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. मग उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. थोड्या वेळानं डाव्यावर ठेवला. असं ती कितीतरी वेळ करत राहिली.

"काय होतंय ताई?"

"या डोळ्यानं भीत पांढरी. त्या डोळ्यानं च्या सांडल्यावानी." तिनं परत तळवा बदलला. "अन् तुह्यं लुगडं निळं हाये? मी करडं समजून राहिली होती."

घरी गेल्यावर ती फिरत राहिली. आभाळ पाहिलं, दाराचा रंग पाहिला, स्वयंपाकघरातल्या बरण्या पाहिल्या. माझा निळसर फोटो काढून म्हणाली, हा फेक, आमची शेवंती अशी नाई. मी हसले. मला त्या दिवशी खरंच हलकं वाटलं. मी अमरावतीला परत आले.

पंधरवडा गेला असेल. सकाळी फोन आला. ताईचा आवाज सपाट होता.

तिनं पुन्हा हार ओवायला सुरुवात केली होती. त्या दिवशीचा हार तिनं निव्वळ पांढरा ओवला होता, एक एक फूल उजेडात धरून. सुनेनं नेहमीच्या सवयीनं टोपली उचलली आणि मागच्या पडवीत गेली. ताईला पाणी हवं होतं, ती मागे गेली. सून हार मांडीवर घेऊन फूल फूल तपासत बसली होती.

"मी म्हटलं, काय पाहून राहिली? थे म्हने, काई नाई. मंग बाजूची टोपली दिसली मले, ऑपरेशनच्या आधीची. सगळी पिवळी फुलं, वाळलेली, सुई टोचलेली." ताई थांबली. "सालभर माह्ये हार उसवत होती थे. तुलेबी मालूम होतं?"

"हो."

फोन चालूच होता, पलीकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू येत होतं.

"मी तुह्याकडं येऊन राहिली," ती म्हणाली. "इथं नाई रायवत."

ती दुपारच्या गाडीनं आली. हातात एक पिशवी आणि एक टोपली. टोपलीत ओल्या फडक्याखाली पांढरी शेवंती, फिकी पिवळी शेवंती आणि जांभळी अस्टर. का आणली असं मी विचारलं नाही. तिला टोपलीशिवाय घराबाहेर पडायची सवय नव्हती.

पहिला दिवस तिनं रागातच काढला. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "सांगाले काय झालं होतं तिले? मी काय खाऊन टाकलं असतं?"

"ती भ्याली असेल. तुला वाईट वाटेल म्हणून."

"तिले वाटलं असन, बुढी झाली, ध्यान नाई कामात. ध्यान होतं माह्यं. मले दिसतच नोतं तं काय करू? पन हे तिले कसं समजन? तिच्या डोळ्याले तं सगळं दिसते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या एका डोळ्यात अजून तो मोतीबिंदू होता. डावा डोळा अजून ते जुनं जग बघत होता आणि उजवा नवं. मला वाटलं, हे काही आठवड्यांचंच आहे. डावा झाला की तिच्या जुन्या नजरेला साक्षीदार कोणीच उरणार नाही, ती स्वतःसुद्धा नाही.

"तिला दाखवू या," मी म्हटलं.

"काय दाखवू?"

"तुला कसं दिसत होतं ते. छापू."

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या खोलीत बसलो. खिडकीशी पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर फुलं मांडली, पांढरी आणि पिवळी मिसळून, कडेला अस्टर. मी त्यांचा फोटो काढून आधी जसा आहे तसा बरोबर छापला. ते आता मला जमत होतं. ताईनं उजव्या डोळ्यानं तो फोटो आणि फुलं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाली, हे सेम हाये. मग खरं काम सुरू झालं. ती उजवा डोळा झाकून डाव्यानं चादरीवरची फुलं बघायची. मग डावा झाकून उजव्यानं माझी पट्टी बघायची. आणि सांगायची.

"अजून मळकट पाह्यजे."

मी निळं उतरवलं, छापलं.

"हे पिवळं झालं. पिवळं नाई ना वं, तपकिरी. पान्यात गूळ इरघळला तं कसं दिसते, तसं."

पुन्हा छापलं.

"आता अंधार कमी पडला."

मी महिनाभर जो रंग कागदावरून हाकलत होते तोच आता थेंबाथेंबानं परत बोलावत होते. आणि तो येत नव्हता. चुकीचे रंग आपोआप येतात, पण ताईच्या डाव्या डोळ्यातला रंग नेमका एकच होता, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे ती हलू देत नव्हती. अस्टरनं सगळ्यात छळलं. डाव्या डोळ्याला ती जांभळी दिसतच नव्हती, वाळलेल्या जांभळासारखी काळपट दिसायची, आणि मी कितीही केलं तरी कागदावर कुठून तरी निळं डोकावायचं.

पट्टी वाळेपर्यंत आम्ही पडून राहायचो, ती पलंगावर, मी चटईवर. उजेड भिंतीवरून सरकत असायचा. ताईचा राग कधी गेला ते मला कळलं नाही. ती बोलत राहायची. अंजनगाव सुर्जीकडे आमच्या वडलांचा पानमळा होता, त्याच्याबद्दल. मला तो पुसट आठवतो, ती माझ्याहून बरीच मोठी, तिला सगळा आठवतो. वेलींच्या आत उजेड हिरवा होऊन उतरायचा. आत शिरलं की आपले हात हिरवे, वडलांचं धोतर हिरवं, सगळं गार आणि ओलं. जरा वेळानं ते हिरवं दिसेनासं व्हायचं, तेच खरं वाटायला लागायचं.

"अन् भायेर आलं की मंग," ती छताकडे बघत म्हणाली, "सगळं गुलाबी. माती गुलाबी, बैल गुलाबी. थोडा येळच. तू तवा रडत होती, तुले भेव वाटे."

"मला नाही आठवत."

"मले आठवते."

तिनं डोळे मिटले होते. मी पट्टी उचलून पाहिली, अजून ओली होती. खाली कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आत्ता उठून खिडकीबाहेर पाहिलं तर गल्ली गुलाबी असेल. मी उठले नाही.

फुलं कोमेजायला लागली होती, त्यामुळे आम्हाला थांबून चालणार नव्हतं. एका दुपारी ताईनं डावा डोळा झाकून नवा फोटो पाहिला, उजवा झाकून फुलं पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. मग हात खाली घेतला.

"हे."

"नक्की?"

"हेच. थोडं धुकं रायते तिकडं, थे कागदात नाई येत. पन रंग हाच."

मी तो फोटो हातात घेतला. पांढरी चादर मातकट झाली होती. फुलं सगळी एका रंगाची, जुन्या कागदासारखी. सगळीकडे दिवेलागणीच्या आधीची ती वेळ. मी त्यात पिवळं फूल शोधलं. मीच ती मांडली होती, कुठे मांडली तेही मला माहीत होतं, तरी सापडेना. एवढे दिवस मी ताईच्या शेजारी बसत होते, जेवत होते, तिला फोटो दाखवत होते, आणि ती या उजेडात होती.

आम्ही दोघी अकोल्याला गेलो. सुनेनं दार उघडलं. ताईच्या हातातली पिशवी घेतली, पाणी आणलं आणि बाजूला उभी राहिली. ताईनं फोटो काढून तिच्यापुढे धरला.

"बस इथं. यातली पिवळी कोनती, दाखव मले."

सून खाली बसली. तिला वाटलं असेल माझा फोटो बिघडलाय. तिनं तो दारातल्या उजेडात धरला. तिचं बोट एका फुलावर गेलं, तिथून दुसऱ्यावर, मग मध्येच थांबलं.

"आई, यात तं काईच समजत नाई."

"मले असंच दिसे. सगळं वावर, सगळं घर. तुह्यं तोंडबी."

सुनेनं फोटोवरून नजर काढली नाही. तशीच बघत तिनं विचारलं, "मंग तुमी ओवत कशा होत्या?"

"हातानं. पांढरीची पाकळी जराशी जाड रायते. पन फिक्या पिवळीचीबी तशीच रायते, थे मले मालूम नोतं." ताईनं फोटोवर बोट ठेवलं. "मी चुकत होती, पोरी. तू बराबर करत होती. पन मले सांगाचं होतं."

"मले वाटलं तुमाले कमीपना वाटन."

"वाटला असता. एक दिवस वाटला असता."

सुनेनं पदरानं डोळे टिपले. ताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवला म्हणजे जरा टेकवला आणि काढून घेतला, तिची तशीच पद्धत आहे. मग दोघी उठून आत गेल्या आणि चहाचं भांडं चढवल्याचा आवाज आला. मी अंगणातच बसून राहिले. शेवंतीचा बहर सरत आला होता. वावराच्या टोकाला ऊन होतं आणि कोणीतरी मोटार बंद केल्यावर पाण्याचा आवाज हळूहळू थांबला.

काही दिवसांनी डावा डोळाही झाला. त्यानंतर एकदा ताईनं तो तपकिरी फोटो काढून बघितला, बराच वेळ. म्हणाली, मी असं पाहत होती? तिला ते पटेना. आता ताडून बघायला दुसरा डोळा नव्हता. मी म्हटलं, तूच सांगितलंस, मी छापलं. तिनं मान डोलवली, पण पटल्यासारखी नाही. पुढे तो फोटो सुनेनं ठेवून घेतला. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

चैत्रात मी पुन्हा गेले. शेवंती संपली होती, आता विहिरीकडच्या मोगऱ्याचा हंगाम होता आणि उन्हामुळे दोघी कळ्या उतरवायचं काम दिवस कलल्यावर करत होत्या. ताईनं पुढच्या हंगामासाठी निळ्या अस्टरचं बी आणायला मुलाला सांगितलं होतं. जांभळी नाई, निळी, असं दोनदा सांगितलं होतं. सून म्हणत होती की निळीला बाजारात गिऱ्हाईक नाही. ताई म्हणत होती, विकाले नाई, एक ओळ मले पाहाले.

मी बांधावर बसून मोबाईल काढला. उजेड खाली उतरला होता आणि मोगऱ्याच्या पानांच्या कडा तेवढ्या उजळल्या होत्या. वेगवेगळ्या ओळींत दोघी वाकलेल्या. एकमेकींकडे न बघता त्यांचं त्या निळ्या अस्टरवरून चालूच होतं. मी फोटो काढला, आणखी एक काढला. मग ऊन गेलं आणि कळ्या मागे उरल्या, पांढऱ्या, त्या संध्याकाळीही पांढऱ्याच.

"फोटो राहू दे आता," ताई म्हणाली. "ये इकडं, टोपली धर."

मी मोबाईल पिशवीत ठेवला आणि ओळीत शिरले.